निरंक

शस्त्र परवाना शाखेत माझी सव्वीस वर्षं.
सिव्हिल लाइन्समधल्या या इमारतीत
बंदुका येतात त्या कागदावरून :
बारा बोर, एकनळी, दुनळी,
नळीची लांबी, कारखाना, क्रमांक.
गोळीचा आवाज मी अजून ऐकलेला नाही.
शिक्क्याचा ऐकते, रोज.

मे महिना. वाळ्याचा कूलर ओला वास फेकत होता,
फायलींचे कान उडत होते,
आणि त्यांच्यावर ठेवलेलं एक रिकामं पितळी काडतूस,
कुणी जमा केलं, कधी, नोंद सापडत नाही.

खिडकीशी झिबलजी धकाते, मुक्काम भिवापूर,
वय बाहत्तर, उमरेडच्या खाणीत सुरुंग उडवायचे.
डावा कान तिथंच ठेवून आले,
म्हणून उजवा पुढे करून उभे.

अर्ज नूतनीकरणाचा.
डॉक्टरचा दाखला : नजर ठीक, हात ठीक.
ठाणेदाराचा अहवाल : वर्तणूक चांगली,
निवडणुकीत बंदूक वेळेवर जमा.
पावतीवर हवालदारानं लिहिलं होतं,
"एकनळी एक, मच्छरदाणीसह."

आणि वनखात्याच्या परवानग्या, वर्षावर्षाच्या,
दोऱ्यात ओवलेल्या.
रानडुक्कर. गट नंबर हा, रात्री या.
रोही दिसला तर बोट आवरायचं, त्याचा कागद वेगळा.
वाघाचा वावर असला तर उजाडेपर्यंत उतरायचं नाही.
मेलेलं जनावर वनरक्षकाच्या समोर पुरायचं,
मांस न्यायचं नाही, वाटायचं नाही,
सुळ्यांसकट खड्ड्यात.
खाली तक्ता :
उडवल्या दोन, पडले निरंक.
उडवल्या एक, पडले निरंक.
नऊ वर्षं एकाच वळणदार अक्षरात निरंक,
जणू पोरानं पाटी गिरवावी.

मी चष्मा काढला.
"झिबलजी, नेम नाही लागत काय?"

त्यांनी पिशवीतून एक बिल्ला काढला.
राज्य स्पर्धा, रौप्य, साल एकोणऐंशी.
टेबलावर ठेवला. काही मागायला नाही, नुसताच.
"लागते नं बाई. पण ते आवाजानंच पळते.
नांदच्या शिवारात जाते.
तिकडं माह्या साडभाऊ बसते मचाणीवर,
तो एक उडवते, का कळप आमच्याकडं वापस.
असं चालू राह्यते."

पुढचा रकाना विचारत होता :
शस्त्राची गरज अद्याप आहे काय? कारणे द्यावीत.
नियमानं शेरा सोपा होता.
नऊ वर्षांत उपयोग शून्य,
परवाना रद्द करण्यास हरकत नसावी.
असे शेरे मी झोपेतही लिहीन.

ते मात्र न विचारता सांगत होते,
मिरचीच्या वावराचं, मचाणीवर अंथरलेल्या दोन पोत्यांचं,
थर्मासमधल्या चहाचं, जो पहाटेपर्यंत
कोमटही राहत नाही.
दोघांच्या मधे नाला, आवाज पोचत नाही,
आणि पोचला तरी कोणत्या कानाला.
म्हणून साडभाऊ बॅटरी लावते एकदा,
हे लावते एकदा.
म्हणजे, जागा आहो.

"सत्तरीनंतर, बाई,
रातभर जागाचं सरकारी कारण
कोण देते माणसाले?"

मी लिहिलं : गरज आहे.
कारणे : आवाजापुरती.
साहेबांनी न वाचता सही केली,
ते नेहमीच तसे करतात, त्या दिवशी बरं वाटलं.
शिक्का मीच मारला, जरा जोरात.
काडतूस घरंगळून खुर्चीखाली गेलं.

रात्री प्रतापनगरच्या गच्चीवर
पाणी मारूनही फरशी भाजत होती.
लांब कुठल्या तरी वरातीत फटाके उडाले,
दोन, मग बऱ्याच वेळानं एक.
मोजण्याची सवय.

वीज गेली तेव्हा टॉर्च हाताशी होता.
समोरच्या काळ्या गच्च्यांकडे धरून
एकदा लावला.
विझवला.
खालच्या बोळातलं कुत्रं भुंकलं.
मग आणखी थोडा वेळ उभी राहिले.